साखरेचा पैसा मुरतो कुठे?

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी टाकली जाते, नारळ फुटतो आणि चेअरमन साहेब बोलायला उभे राहतात. भाषणात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. यंदा अमुक इतके लाख टन गाळपाचं उद्दिष्ट, आणि स्पर्धेच्या युगात टिकायचं तर विस्तारीकरणाशिवाय गत्यंतर नाही. टाळ्या पडतात, सभासद चहा घेऊन घरी जातात. ही स्पर्धा नेमकी कुणाशी आणि कशासाठी, हे त्या मांडवात सहसा कुणी विचारत नाही.

विचारायला हवं, कारण साखर विकताना दोन कारखान्यांत म्हणावी अशी स्पर्धाच नसते. शिरोळ तालुक्यातली एस-३० प्रतीची साखर आणि माळशिरस तालुक्यातली एस-३० दोन वाट्यांत काढून ठेवली, तर कारखान्याच्या चीफ केमिस्टलाही नुसती बघून आपली कोणती ते सांगता येणार नाही. घाऊक गिऱ्हाईक पोत्यावरच्या नावासाठी दोन पैसे जास्त मोजत नाही. भाव निविदेत ठरतो, आणि महिन्याला किती साखर विकायची तेही जून २०१८ पासून दिल्लीच कोटा देऊन ठरवते. शेजारच्याने साखर चांगली केली म्हणून आपलं गिऱ्हाईक तुटलं, असं या धंद्यात होत नाही. तरीही कारखाने कर्जात जातात, बंद पडतात, भाडेपट्ट्याने दिले जातात, विकले जातात. म्हणजे पैसा दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने जातो. उद्योगातल्या स्पर्धेचा अभ्यास करायचा तो ही वाट सापडावी म्हणून. स्पर्धकांची यादी करणं हा त्यातला फार छोटा भाग.

हे नीट मांडलं ते हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल पोर्टर यांनी, १९७९ सालच्या एका लेखात आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात. त्याआधी जो बेन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ एका कोड्याच्या मागे होते. काही उद्योगांत वर्षानुवर्षं भरपूर नफा राहतो आणि काहींत कितीही राबलं तरी हाती काही उरत नाही, असं का? त्यांचा हेतू ग्राहकाच्या बाजूचा होता: नफा अती झाला तिथे मक्तेदारी शोधायची आणि मोडायची. पोर्टरनी तीच दुर्बीण उलटी धरली. मालकाने नफा कुठे टिकतो ते शोधावं आणि तिथे ठाण मांडावं. उद्योगात तयार होणारा पैसा पाच जण ओढत असतात, असं त्यांचं म्हणणं. आजचे प्रतिस्पर्धी, उद्या येऊ शकणारे नवे, कच्चा माल पुरवणारे, पक्का माल घेणारे, आणि तीच गरज वेगळ्या वस्तूने भागवणारे पर्यायी मालवाले. व्यवस्थापनाच्या वर्गांत या पाचांचे पाच चौकोन काढून त्यात ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ असं भरतात. विद्यार्थ्याला त्याचे मार्क मिळतात, मालकाला त्यातून काही मिळत नाही. कोण ओढतो, किती रुपये ओढतो, कोणत्या महिन्यात ओढतो आणि त्याला ते का जमतं, इथवर उतरलं तर हिशेब हाताला लागतो. साखरेचा धंदा यासाठी फार सोयीचा, कारण इथले बरेच आकडे जाहीर असतात.

तेव्हा आधी आकडे. २०१८-१९ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १० टक्के उताऱ्याला टनामागे २,७५० रुपये होता. १० टक्के उतारा म्हणजे एका टनात १०० किलो साखर. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, सरकारने साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला. म्हणजे वाईटात वाईट भावाने साखर गेली तरी ३,१०० रुपये येणार आणि उसाचे देऊन ३५० रुपये उरणार. आता २०२४-२५ चा हंगाम घ्या. एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला ३,४०० रुपये. किमान विक्री दर तोच, ३१ रुपये. टनामागच्या १०२.५ किलो साखरेचे त्या दराने होतात ३,१७७ रुपये ५० पैसे. उसाचेच पैसे भागत नाहीत, पगार आणि व्याज दूरच. प्रत्यक्ष बाजारभाव किमान दराच्या बराच वर राहिला म्हणून कारखाने चालले. किलोला ३७ रुपये मिळाले असं धरलं तर टनामागे उसाचे पैसे वजा जाता ३९० रुपयांच्या आसपास राहतात. मळी, बगॅस, वीज यांचं काय येईल ते वेगळं. म्हणजे एका टोकाला सरकारने बांधलेला कच्च्या मालाचा दर, दुसऱ्या टोकाला बाजाराच्या लहरीवरचा विक्रीचा दर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत अख्खा कारखाना. ही पट्टी कोण कुरतडतं ते आता पाहू.

सगळ्यात मोठा वाटेकरी ऊस. त्याचं कारण उसाच्या स्वभावात आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. तोड झाल्यापासून त्याचं वजन घटतं, साखर उतरते; एक-दोन दिवसांत तो गव्हाणीत पडला नाही तर शेतकऱ्याचंही नुकसान आणि कारखान्याचंही. गहू-कापसासारखा तो वखारीत ठेवता येत नाही, लांबच्या बाजारात नेता येत नाही. त्यामुळे साखरेचा बाजार देशभर पसरलेला असला तरी उसाचा बाजार पंचवीस-पन्नास किलोमीटरच्या आतला असतो. त्या वर्तुळात एकच कारखाना असेल तर तो राजा. तीन असतील तर राजा शेतकरी. कोल्हापूर-सांगलीकडे वर्तुळं एकमेकांवर इतकी चढलेली आहेत की एकाच शिवारातला ऊस तीन-चार कारखान्यांना जातो. सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखानेही त्यात असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस नेण्यावर बंदीचा आदेश निघाला. शेतकरी संघटना उठल्या आणि तो मागे घ्यावा लागला. साखर बाहेर जाऊ नये म्हणून कुणा कारखानदाराने कधी अशी बंदी मागितल्याचं ऐकलंय? खरी ओढाताण कोणत्या वस्तूसाठी आहे, ते या एका आदेशावरून कळतं.

आणि ही ताकद एका जागी राहत नाही. चौकोनात एकदा ‘जास्त’ लिहून मोकळं होणाऱ्यांचं इथेच चुकतं. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर केली. ऊस इतका की गाळप मे उलटून जूनपर्यंत रेंगाळलं. मराठवाड्यात शेतात उभा ऊस वाळत होता. त्या वर्षी शेतकरी शेतकी ऑफिसात खेटे घालत होता, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरत होता, ‘तोड कधी येणार’ एवढाच प्रश्न होता. तोडणीची टोळी आली की वर ‘खुशाली’ मोजावी लागत होती. २०२४-२५ मध्ये साखर उतरली ८० लाख टनांच्या आसपास. ऊस कमी, गाळप शंभर दिवसही धड चाललं नाही, बऱ्याच कारखान्यांचे पट्टे मार्च संपायच्या आत पडले, म्हणजे गाळप थांबलं. त्या वर्षी तोच चिटबॉय ज्याचा ऊस त्याच्या दारात होता. ‘दादा, आपल्याकडंच घाला, वाहन लावून देतो.’ तीन वर्षांत बाजू पूर्ण उलटली. कारखाना तोच, शेतकरी तेच, सरकारचे नियमही जवळपास तेच. पावसाने पाणी दिलं की कारखाना बलवान, पावसाने ओढ दिली की शेतकरी. धोरण ठरवताना कोणत्या वर्षाचा फोटो समोर ठेवता यावर सगळं अवलंबून असतं. दुर्दैवाने विस्तारीकरणाचे प्रस्ताव बहुधा मुबलक उसाच्या वर्षी तयार होतात आणि यंत्रं उभी राहतात ती टंचाईच्या वर्षी.

इथे नव्यांच्या प्रवेशाचा मुद्दा येतो. ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत हवाई अंतर किमान १५ किलोमीटर असावं असं ठरलं. महाराष्ट्राने ते २५ केलं. कागदावर हा भक्कम तट आहे. पण तटातून बाहेरचा आत येत नाही एवढंच. आतला फुगू शकतो. नवा कारखाना काढायला अंतराची अट, जुन्याची क्षमता वाढवायला ती आडवी येत नाही. म्हणून स्पर्धक शेजारच्या गावात नव्या पाटीने न येता जुन्याच चिमणीखाली दुप्पट होऊन येतो.

त्याचा हिशेब पोरालाही कळेल असा आहे. दिवसाला अडीच हजार टन गाळणारा कारखाना १६० दिवस चालला तर चार लाख टन ऊस गाळतो. क्षमता पाच हजार केली आणि ऊस तेवढाच राहिला, तर तोच चार लाख टन ८० दिवसांत संपतो. साखर एक पोतंही जास्त नाही. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिन्यांचा, कायम कामगारांचा पगार बारा महिन्यांचा. संचालक यावर उत्तर देतात आणि ते अगदीच फोल नसतं: कमी दिवसांत, थंडीत गाळप उरकलं तर उतारा चांगला पडतो, उन्हातला वाळका ऊस गाळावा लागत नाही, सभासदाचं रान लवकर मोकळं होतं. खरं आहे. पण मनातलं कारण वेगळंच असतं. शेजाऱ्याने क्षमता वाढवली आणि आपण नाही वाढवली, तर त्याचा ऊस जानेवारीत संपेल आणि त्याच्या टोळ्या आपल्या शिवारात घुसतील, ही भीती. ती भीतीही खरीच. म्हणून एकाने वाढवलं की दुसरा वाढवतो, तिसरा वाढवतो. प्रत्येकाचा निर्णय आपल्यापुरता शहाणपणाचा, आणि सगळ्यांचे निर्णय मिळून हंगाम अर्ध्यावर. पोर्टरच्या पाचांपैकी ‘आजचे प्रतिस्पर्धी’ साखरेत असे वागतात. गिऱ्हाइकासाठी एकमेकांचा भाव पाडत नाहीत. उसासाठी एकमेकांचे दिवस खातात.

ऊस कमी पडला की तो लांबून आणला जातो, आणि मग दुसरी गळती सुरू होते. तोडणी-वाहतूक खर्च एफआरपीतून वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात. कारखाने हा खर्च वर्षानुवर्षं सरासरीने लावत आले. म्हणजे साठ किलोमीटरवरून आलेल्या उसाच्या डिझेलचा भार कारखान्याच्या कुंपणालगतच्या सभासदाच्या बिलावरही. त्या सभासदाला शेजारचा कारखाना टनाला शंभर रुपये जास्त देतो असं कळलं की तो ऊस तिकडे घालतो. मग हा कारखाना आणखी लांब जातो. जवळचा ऊस घालवून लांबचा आणायचा, असं हे चक्र आहे. तोडणीसाठी मुकादमांना हंगामाच्या कितीतरी आधी उचल दिली जाते. बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. काही मुकादम दोन कारखान्यांकडून उचल घेतात, काही घेऊन येतच नाहीत. बुडालेली उचल ताळेबंदात ‘येणे’ म्हणून वर्षानुवर्षं दिसत राहते. या ओढाताणीत जोडीच्या वाट्याला फारसं काही जात नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. ताकद राबणाऱ्या हातांकडे नाही, ती हात गोळा करून देणाऱ्याकडे आहे.

आता साखर घेणाऱ्यांकडे वळू. व्यापारी मोठे आहेत म्हणून ते कारखान्याला दाबतात असा समज आहे. माझ्या मते त्यांच्या आकारापेक्षा कॅलेंडर जास्त दाबतं. साखर पाच महिन्यांत तयार होते, ती विकायची बारा महिन्यांत. उसाचे पैसे मात्र १४ दिवसांत द्यायचे. चुकले तर वर्षाला १५ टक्के व्याज, हा कायदा. मग कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवतो. मालतारण कर्जावर बँक पोत्याच्या मूल्यांकनाच्या काही टक्के रक्कम देते आणि तेवढ्यातून उसाची बिलं निघतात. साखर विकली की पहिले पैसे बँकेचे. आता बँकेचं व्याज रोज चढतंय, शेतकरी दारात बसलाय, महिन्याचा कोटा महिन्यात विकायचाय, आणि निविदा उघडायची आहे. समोरच्या व्यापाऱ्याला हे सगळं माहीत असतं. त्याला आज साखर नसेल तर आठवड्याने चालते, कारखान्याला चालत नाही. थांबू शकणारा आणि न थांबू शकणारा समोरासमोर बसले की भाव कुणाच्या मनासारखा ठरतो हे सांगायला नको. देशात विकल्या जाणाऱ्या साखरेतला निम्म्याहून जास्त वाटा शीतपेयं, बिस्किटं, मिठाई करणारे नेतात. ते तर वर्षाचं नियोजन करून बसलेले असतात.

पर्यायी मालाबद्दल लांबण लावण्याचं कारण नाही. गूळ साखरेला फार धक्का देत नाही. टंचाईच्या वर्षी गुऱ्हाळ, रसवंती आणि चाऱ्याचे गिऱ्हाईक उसाला रोख मोजतात, तेवढा त्रास.

इथेनॉल मात्र थांबून बघण्यासारखं. २०१८ पासून बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढलेली) आणि उसाचा रस यांपासून केलेल्या, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर जाहीर होऊ लागले. तेल कंपन्या पैसे वेळेवर देतात, साखर कमी होऊन भाव सावरतो, आणि मुख्य म्हणजे गोदामात माल आणि बँकेत व्याज ही कटकट सुटते. विचार बरोबर होता. कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. मग पाऊस कमी झाला, साखर महागेल अशी धास्ती वाटली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, उसाचा रस व पाक इथेनॉलसाठी वापरायला केंद्राने मनाई केली. आठवड्याभरात ती सैल करून साखर वळवण्यावर १७ लाख टनांची मर्यादा घातली गेली. पुढच्या हंगामासाठी ती उठली. दरम्यान मक्यापासूनच्या इथेनॉलने मोठी जागा घेतली. शंभर व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटून कारखाना अशा खरेदीदारापाशी गेला होता, जिथे घेणाऱ्या सरकारी तेल कंपन्या, दर ठरवणारं सरकार आणि कच्च्या मालावर बंदी घालणारंही सरकार. पोर्टर सरकारला सहावी शक्ती मानत नाहीत. सरकारचा परिणाम पाचांमधूनच मोजावा असं त्यांचं मत. साखरेपुरतं मला ते पटत नाही. उसाचा दर, साखरेचा किमान दर, महिन्याचा कोटा, निर्यात, इथेनॉल, सगळं एकाच इमारतीतून ठरत असेल, तर त्याला पाच ठिकाणी वाटून दाखवण्यात वाचकाची दिशाभूल होते.

आणखी एक गोष्ट पोर्टरच्या चौकटीत बसत नाही, आणि ती महाराष्ट्राने घडवली आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरा कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. धोरण म्हणून पाहिलं तर त्यांनी काय केलं? ऊस पुरवणारा आणि ऊस घेणारा यांच्यातली ओढाताणच मिटवून टाकली, पुरवणाऱ्याला मालक करून. सहकारी कारखान्यात नफा उसाच्या भावात वाटला जातो, त्यामुळे ‘शेतकरी पैसा ओढून नेतो’ या वाक्याला तिथे अर्थ उरत नाही. ज्याचा पैसा त्यालाच गेला. खासगी कारखान्याच्या मालकाने करायचं विश्लेषण आणि सहकारी कारखान्याच्या सभासदाने करायचं विश्लेषण म्हणूनच वेगळं. आज राज्यातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांत सहकारी आणि खासगी जवळपास निम्मे-निम्मे आहेत. सहकारी कारखान्याचा चेअरमन खासगीवाल्याशी क्षमतेची शर्यत लावतो, तेव्हा आपल्याकडे असलेली आणि त्याच्याकडे कधीच येणार नाही अशी गोष्ट तो विसरलेला असतो. जवळचा ऊस सहकारी कारखान्याच्या मालकांचाच आहे.

त्यावरून पुढचं धोरण निघतं आणि ते दिसायला फारसं झगमगीत नाही. पंचवीस किलोमीटरच्या आतल्या रानात एकरी टनेज वाढवायचं: चांगलं बेणं, ठिबक, खोडव्याची निगा. उसाच्या बिलाची पहिली उचल वेळेवर द्यायची, कारण दहा रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा ठरल्या दिवशी देणाऱ्याकडे ऊस टिकतो. तोडणी यंत्रं घेऊन मुकादमावरचा भार हलका करायचा. वाहतूक टप्प्याटप्प्याने आकारायची, म्हणजे जवळच्यावर लांबच्याचा बोजा पडणार नाही. आणि चार चांगल्या वर्षांत थोडी गंगाजळी बाजूला काढायची, म्हणजे निविदेच्या दिवशी ‘या भावाला नाही’ म्हणता येईल. यातल्या एकाही कामाचं उद्घाटन करता येत नाही, हीच या धोरणाची अडचण.

तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर अहवाल येतो, तो रद्दीत टाकू नका. गाळपाचे टन बाजूला ठेवा आणि गेल्या पाच वर्षांचे तीन आकडे काढा: गाळपाचे दिवस, टनामागे तोडणी-वाहतूक, आणि मालतारणासह एकूण व्याज. दिवस घटत असतील आणि बाकीचे दोन वाढत असतील, तर विस्तारीकरणाचा विषय पुकारला जाईल तेव्हा उठून विचारा की वाढीव क्षमतेला ऊस कोणत्या गावांतून, किती किलोमीटरवरून येणार. गावांची नावं आणि टनांचे आकडे कागदावर मिळेपर्यंत हात वर करू नका.